शोधनिकालात पहिला नंबर कुणाचा?

मराठी पुस्तकांचे एक ऑनलाइन दुकान आहे असे समजू. यादीत दहा हजार पुस्तके आहेत. गिऱ्हाईक शोधपेटीत ‘श्यामची आई’ असे लिहिते आणि पडद्यावर सर्वांत वर येते ते या पुस्तकावरचे एक स्वाध्याय-मार्गदर्शक. त्याखाली आईवरच्या लेखांचे संकलन, मग आणखी दोन गाइडे, मग चित्रपटाची डीव्हीडी. साने गुरुजींचे मूळ पुस्तक सहाव्या ओळीत. शोधयंत्रात बिघाड काहीच नाही. मागितलेले शब्द जिथे जिथे आहेत त्या सगळ्या नोंदी त्याने इमानाने शोधून आणल्या आहेत. चुकला तो फक्त क्रम. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र क्रम चुकला की सगळेच चुकले, कारण सहाव्या ओळीपर्यंत नजर नेण्याइतका धीर फार थोड्या गिऱ्हाइकांकडे असतो.

हा क्रम एका आकड्यावर ठरतो. शोधयंत्र प्रत्येक नोंदीला शोधलेल्या शब्दांच्या संदर्भात गुण देते, गुणांची उतरती भाजणी लावते आणि वरच्या दहा नोंदी दाखवते. या गुणाला तांत्रिक मंडळी ‘रेलेव्हन्स स्कोअर’ म्हणतात. तो कसा काढायचा याचे एक तयार सूत्र यंत्रासोबतच येते आणि बहुतेक जण ते आहे तसेच वापरतात. पण ते सूत्र कुणीतरी, कुठल्यातरी कागदपत्रांसाठी, कसल्यातरी अनुभवातून ठरवलेले असते. त्या कागदपत्रांत आणि आपल्या दुकानात साम्य असेलच असे नाही.

सूत्राचा पहिला धागा आयबीएममधील हान्स पीटर लून या अभियंत्याकडे जातो. एखाद्या लेखात एखादा शब्द जितक्या वेळा येतो, तितका तो लेख त्या विषयावरचा असण्याची शक्यता जास्त, असा विचार त्यांनी १९५७ मध्ये मांडला. कल्पना सरळ आहे आणि तिची खोटही तितकीच सरळ आहे. ‘आणि’ हा शब्द प्रत्येक लेखात पन्नासदा येतो म्हणून सगळेच लेख काही ‘आणि’वर लिहिलेले नसतात.

ही खोट भरून काढली केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी. १९७२ मधल्या त्यांच्या निबंधाचा गाभा असा: शब्दाची किंमत तो संग्रहात किती दुर्मीळ आहे यावरून ठरवावी. जो शब्द थोड्याच नोंदींत सापडतो तो निवड करायला उपयोगी, आणि जो सगळीकडे पसरला आहे त्याचा निवडीला उपयोग नाही. आज सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र दहा हजार पुस्तकांच्या यादीला लावून पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. ‘श्यामची’ हा शब्द वीस पुस्तकांत असेल तर त्याचे वजन ६.१९ भरते. ‘आई’ दोन हजार पुस्तकांत असेल तर १.६१. आणि साडेनऊ हजार पुस्तकांत असलेल्या ‘आणि’च्या वाट्याला येतात जेमतेम ०.०५. गाळायच्या शब्दांची वेगळी यादी करायची गरज बरीचशी संपते. गणितच त्यांना बाजूला सारते.

आता पुनरावृत्तीचे काय करायचे? शब्द वीसदा आला म्हणजे नोंद वीसपट समर्पक झाली का? जुन्या सूत्रात संख्येचे वर्गमूळ घेत. वीसदा आलेल्या शब्दाला एकदा आलेल्याच्या साडेचारपट गुण, शंभरदा आलेल्याला दहापट. म्हणजे वाढ मंदावते, पण थांबत नाही. मार्गदर्शकाच्या वर्णनात ‘श्यामची आई’ वीसदा लिहिणाऱ्याला त्याचे फळ मिळतच राहते. लंडनच्या सिटी विद्यापीठात ‘ओकापी’ नावाच्या शोधप्रणालीवर काम करणाऱ्या स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी याला छत घातले. त्यांच्या सूत्राचे नाव बीएम२५. ‘बीएम’ म्हणजे ‘बेस्ट मॅच’, आणि पंचवीस हा त्यांनी करून पाहिलेल्या सूत्रांच्या मालिकेतला क्रमांक. १९९४ च्या ‘ट्रेक’ या शोधपद्धतींच्या चाचणीत हे सूत्र उतरले आणि आजतागायत टिकून आहे.

बीएम२५ मध्ये दोन कळा आहेत. पहिली, के-१, पुनरावृत्तीचे छत ठरवते. तिची प्रचलित किंमत १.२. सरासरी लांबीच्या नोंदीत शब्द एकदा आला तर १ गुण, दोनदा आला तर १.३८, पाचदा आला तर १.७७, वीसदा आला तर २.०८. पुढे हजारदा आला तरी २.२ च्या वर जाणे नाही. दुसरी कळ, बी, लांबीचा हिशेब पाहते आणि तिची प्रचलित किंमत ०.७५ आहे. सरासरीच्या दुप्पट लांब नोंदीत एकदा आलेल्या शब्दाला १ ऐवजी ०.७१ मिळतात, तर निम्म्या लांबीच्या नोंदीत १.२६. छोट्या मजकुरात आलेला शब्द जास्त मोलाचा, हे त्यामागचे गृहीतक.

हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. ट्रेक ही अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने १९९२ पासून चालवलेली चाचण्यांची मालिका, आणि तिच्या सुरुवातीच्या संग्रहांत वॉल स्ट्रीट जर्नल, असोसिएटेड प्रेस यांच्या बातम्या आणि अमेरिकी सरकारचे राजपत्र असा मजकूर होता. शेकडो शब्दांच्या इंग्रजी बातम्यांवर जमलेले आकडे दोन शब्दांच्या मराठी शीर्षकाला जसेच्या तसे लागू पडावेत अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. शीर्षकात शब्द दोनदा आला याला सहसा काही महत्त्व नसते. उलट बाजारपेठेच्या संकेतस्थळावर ‘चहा मसाला चहा गुळाचा चहा’ असे नाव देणारा विक्रेता चहा जास्त चांगला विकत असतो असे नव्हे, तो फक्त जास्त चलाख असतो. अशा रकान्यासाठी, म्हणजे ‘फील्ड’साठी, के-१ शून्यावर आणली की शब्द आहे की नाही एवढेच पाहिले जाते आणि चलाखी वाया जाते. स्कोअर आपल्या गरजेनुसार बसवायची ही सर्वांत स्वस्त रीत, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी वापरली जाणारी.

हे सारे करता येते ते मुख्यतः ल्युसीन या मुक्तस्रोत संचामुळे. डग कटिंग यांनी तो जावा भाषेत लिहिला; नाव दिले पत्नीचे मधले नाव. २००१ मध्ये तो अपाची प्रतिष्ठानच्या छत्राखाली आला. सोलर आणि इलॅस्टिकसर्च ही दोन्ही शोधयंत्रे त्याच्याच पायावर उभी आहेत. पैकी इलॅस्टिकसर्चची जन्मकथा स्वयंपाकघरातली आहे: शे बॅनन यांची पत्नी लंडनला पाककलेचे शिक्षण घेत होती आणि तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्यांनी जी खटपट सुरू केली, तिची परिणती २०१० मध्ये इलॅस्टिकसर्चमध्ये झाली. ल्युसीनमध्ये गुण देण्याचे काम ‘सिमिलॅरिटी’ नावाच्या वेगळ्या भागात ठेवलेले आहे. तो भाग काढून स्वतःचा बसवता येतो, बाकी यंत्राला हात लावावा लागत नाही. २०१६ पर्यंत तिथे वर्गमूळवाले जुने सूत्र होते, सहाव्या आवृत्तीपासून बीएम२५ आले.

यंत्राच्या पोटात शिरल्यावर गमतीजमतीही दिसतात. प्रत्येक फील्डची लांबी ल्युसीन एका बाइटमध्ये कोंबून ठेवते, म्हणजे तिला २५६ च किमती घेता येतात. जुन्या आवृत्त्यांत या काटकसरीपायी तीन शब्दांचे शीर्षक आणि चार शब्दांचे शीर्षक यांची लांबी सारखीच धरली जाई. तीन शब्दांचे नेमके शीर्षक वर का येत नाही म्हणून कित्येकांनी डोके खाजवले असेल! कारण सूत्रात नव्हते, साठवणुकीत होते. आता चाळीसपर्यंतच्या लांब्या नेमक्या साठवल्या जातात.

सूत्रानंतर येतात फील्ड. पुस्तकाच्या नोंदीत शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्णन असे रकाने असतात आणि ते सारख्या तोलाचे नसतात. म्हणून शीर्षकाला तिप्पट, लेखकाला दुप्पट असा ‘बूस्ट’ देतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर ए ते डी अशा चार श्रेणी आधीच ठरलेल्या आहेत, त्यांची मूळ वजने १, ०.४, ०.२ आणि ०.१. ऐकायला हे सोपे वाटते. पण इथेच सर्वांत जास्त घोळ होतात.

घोळाचे मूळ हे की दुर्मिळता प्रत्येक फील्डमध्ये वेगवेगळी मोजली जाते. समजा कुणी ‘शाळा’ शोधले. शीर्षकात ‘शाळा’ असलेली पुस्तके पुष्कळ, त्यामुळे तिथे या शब्दाचे वजन कमी. पण एखाद्याच प्रकाशकाच्या नावात ‘शाळा’ असेल, तर प्रकाशक-फील्डमध्ये तो शब्द अत्यंत दुर्मीळ ठरतो आणि त्याचे वजन आभाळाला भिडते. निकाल असा की मिलिंद बोकील यांची कादंबरी मागे पडते आणि त्या प्रकाशकाची बागकामाची पुस्तके पुढे येतात. शीर्षकाचा बूस्ट तीनवरून पाच, पाचवरून दहा करत नेणे हा यावर सगळेच करतात तो उपाय. तो एका शोधाला लागू पडतो आणि दहा शोध बिघडवतो. खरा उपाय सूत्रात आहे. फील्डचे गुण वेगवेगळे काढून बेरीज करण्याऐवजी आधी शब्दांच्या संख्या वजनासह एकत्र करायच्या आणि मग एकदाच सूत्र लावायचे. रॉबर्टसन, सारागोसा आणि टेलर यांनी २००४ मध्ये मांडलेले बीएम२५-एफ हेच करते. छतही त्यात शाबूत राहते. नाहीतर पाच फील्डमध्ये एकेकदा आलेला शब्द पाच वेगवेगळी छते वापरून घेतो.

मग येतात शब्दांपलीकडच्या गोष्टी. पुस्तक किती खपते, साठ्यात आहे का, नवे आहे का. मजकुराच्या गुणांना यांची जोड द्यायची तर पहिला प्रश्न बेरीज की गुणाकार, आणि दुसरा प्रश्न किती. खपाचा आकडा जसाच्या तसा गुणिला तर लाख प्रती खपलेले पुस्तक दहा प्रती खपलेल्याच्या दहा हजारपट पुढे जाते आणि काहीही शोधले तरी तेच वर येते. म्हणून लॉगॅरिदम घेतात: दहाचे साधारण १, लाखाचे ५. दहा हजारपट अंतर पाचपटीवर येते. तेही कधी जास्त वाटते. मग खपालाही बीएम२५ सारखे छत घालतात.

विकिपीडियाचा शोध हे याचे उघड्यावर असलेले उदाहरण आहे. २०१४ च्या सुमारास विकिपीडियाने आपला जुना शोध बदलून इलॅस्टिकसर्चवर आधारलेला सायरससर्च आणला. एखाद्या लेखाकडे इतर लेखांतून किती दुवे येतात, त्याचा लॉगॅरिदम गुणांत धरला गेला. पुढे लेख किती वाचला जातो याचाही विचार होऊ लागला. तिथे वाचकाला स्वतःलाही स्कोअर वाकवता येतो. शोधात ‘प्रेफर-रीसेंट’ हा शब्द घातला की अलीकडे संपादित झालेल्या लेखांना झुकते माप मिळते. मूळ मांडणीत गुणांचा ६० टक्के भाग काळानुसार झिजतो आणि त्याचे अर्धायुष्य १६० दिवसांचे आहे. १६० च का? कुणीतरी ठरवले म्हणून. क्रिकेटच्या बातम्या शोधणाऱ्याला १६० दिवस म्हणजे युग, आणि शिलालेखांवरचे लेख शोधणाऱ्याला ते काहीच नाही. इलॅस्टिकसर्चमध्ये ही झीज सरळ रेषेत व्हावी, घातांकी व्हावी की घंटाकृती वक्राने व्हावी हेही निवडता येते. घंटाकृती वक्राचा फायदा असा की पहिले काही दिवस जवळजवळ काहीच घटत नाही, मग उतार लागतो. बातमीच्या स्वभावाला तो बऱ्यापैकी जुळतो.

याहून मोकळीक हवी असेल तर सूत्र थेट शोधासोबत लिहून पाठवता येते. या मोकळिकीची किंमत इलॅस्टिकसर्चने मोजली आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत शोधासोबत आलेली स्क्रिप्ट यंत्र सरळ चालवत असे, आणि सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल तर गुणांच्या सूत्राच्या जागी हल्लेखोर हवा तो आदेश घुसवू शकत. २०१४ आणि २०१५ मध्ये अशा दोन गंभीर त्रुटी जाहीर झाल्या. शेवटी त्यांनी याच कामापुरती मर्यादित अशी नवी भाषा तयार केली आणि तिला नाव दिले ‘पेनलेस’.

स्कोअरबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. ‘दहापेक्षा कमी गुण असलेले निकाल दाखवू नका’ अशी मागणी दर दुसऱ्या प्रकल्पात होते. शालान्त परीक्षेत पस्तीस मिळाले की पास, तसा इथे प्रकार नाही. एका शब्दाच्या शोधात ६ हा उत्तम गुण असू शकतो, पाच शब्दांच्या शोधात १५ हा सुमार. यादीत हजार पुस्तकांची भर पडली की दुर्मिळता बदलते आणि कालचे गुण आज उरत नाहीत. २०१९ मध्ये ल्युसीनच्या आठव्या आवृत्तीने बीएम२५ च्या अंशातला एक स्थिर गुणक काढून टाकला. प्रत्येक शब्दाला तो सारखाच लागत असल्यामुळे क्रम बदलत नव्हता, मग गुणाकाराचे कष्ट कशाला, असा साधा विचार. एका रात्रीत सगळे गुण २.२ पटीने खाली आले. ज्यांनी फक्त क्रम वापरला होता त्यांना पत्ताही लागला नाही. पण ज्यांनी मजकुराच्या गुणांत खपाचे गुण बेरजेने मिळवले होते, त्यांच्याकडे खपाचे पारडे अचानक दुपटीहून जड झाले. मोबाइलपासून ब्राउझरपर्यंत सगळीकडे बसलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस तर त्याही पुढचा: त्याचे बीएम२५ ऋण आकडे देते आणि जितका आकडा लहान तितकी नोंद चांगली, कारण मग नेहमीच्या चढत्या क्रमाने मांडणी करता येते.

गुण कुठून आले हे विचारायची सोयही आहे. ल्युसीनच्या कुळातल्या यंत्रांना ‘एक्स्प्लेन’ म्हटले की ते आकड्यांचे आख्खे झाड उलगडून दाखवतात: कोणत्या शब्दाचे किती, कोणत्या फील्डचे किती, कोणता बूस्ट कुठे लागला. वाचायला ते रुक्ष असते. पण शीर्षकाचा बूस्ट डोळे मिटून वाढवण्यापूर्वी पाच मिनिटे ते झाड वाचणे केव्हाही चांगले. इलॅस्टिकसर्चमध्ये त्यातून आणखी एक रहस्य उकलते. मोठा संग्रह तुकड्यांत विभागलेला असतो आणि दुर्मिळता प्रत्येक तुकडा स्वतःपुरती मोजतो. शंभर-दोनशे नोंदींच्या चाचणी-संग्रहात त्यामुळे तंतोतंत सारख्या दोन नोंदींना वेगळे गुण मिळताना दिसतात. २०१९ मध्ये सातव्या आवृत्तीपासून मुळात पाचऐवजी एकच तुकडा ठेवायला सुरुवात झाली, तेव्हा ही तक्रार बरीच कमी झाली.

मराठीत या सगळ्याच्या आधीची एक पायरी आहे, आणि ती चुकली तर पुढचे गणित कितीही बारकाईने बसवले तरी फुकट. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटतात. घरात, घराला, घरांमध्ये, घरापासून हे यंत्राच्या लेखी चार वेगळे शब्द. पाऊस आणि पावसात, मूल आणि मुलाला यांत तर मूळ रूपच बदलते. ‘श्यामची आई’ शोधणाऱ्याला ‘श्यामच्या आईची गोष्ट’ सापडतच नाही. शिवाय एकाच शब्दाची पंधरा रूपे पंधरा ठिकाणी विखुरली की प्रत्येक रूप खोट्या अर्थाने दुर्मीळ ठरते आणि दुर्मिळतेचे माप बिघडते. २००८ मध्ये भारतीय भाषांतील शोधाच्या मूल्यमापनासाठी ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला, त्यात हिंदी आणि बंगालीबरोबर मराठीचाही संग्रह होता. स्वित्झर्लंडमधील नॉशातेल विद्यापीठाचे ल्यिलियाना डोलामिच आणि जाक साव्हॉय यांनी त्यावर प्रयोग केले. प्रत्यय जोरकसपणे छाटून मूळ शब्दावर शोध घेतला, तर काहीच न छाटण्याच्या तुलनेत मराठीत निकालांची गुणवत्ता सुमारे ४२ टक्क्यांनी सुधारली. हिंदीत हाच आकडा सुमारे २८ आणि बंगालीत १८. तीन भाषांत मराठीचा फायदा सर्वांत मोठा, हे आपली सामान्यरूपे पाठ करून थकलेल्या कुणालाही पटेल.

त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली. व्याकरण वगैरे काही न पाहता प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे ठेवून बाकीचे उडवून दिले, तरी निकाल जोरकस छाटणीच्या जवळपास येतात. सरासरीत हे खरे, पण उदाहरणात मजा आहे: काना-मात्रा स्वतंत्र अक्षर धरले तर ‘महाराज’ आणि ‘महाराष्ट्र’ दोन्ही ‘महार’वर येऊन थांबतात. ल्युसीनच्या मूळ संचात हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू यांच्यासाठी तयार विश्लेषक आहेत. मराठीसाठी वेगळा विश्लेषक नवव्या आवृत्तीपर्यंतही नाही. मराठी दुकानाला प्रत्ययांची छाटणी स्वतः करून घ्यावी लागते, शिवाय ‘आंबा’-‘आम्बा’ आणि ऱ्हस्व-दीर्घाची सरमिसळही निस्तरावी लागते. हे झाले नसेल तर के-१ आणि बी यांच्याशी खेळण्यात वेळ घालवू नये.

स्कोअर कुणाच्या सोयीने बसवायचा, हा प्रश्न तांत्रिक नाही आणि तो टाळताही येत नाही. साठ्यात नसलेले पुस्तक खाली ढकलणे गिऱ्हाइकाच्याही सोयीचे. जास्त नफा देणारे वर आणणे फक्त दुकानाच्या सोयीचे. दोन्ही गोष्टी यंत्रात एकाच प्रकारच्या ओळीने लिहिल्या जातात आणि बाहेरून सारख्याच दिसतात. या झुकत्या मापाची सर्वांत गाजलेली किंमत गूगलने मोजली. स्वतःची किंमत-तुलना सेवा शोधनिकालात ठळकपणे वर दाखवणे आणि प्रतिस्पर्धी सेवांना खाली ढकलणे यासाठी युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये कंपनीला २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. सर्वांत वर असलेली प्रतिस्पर्धी सेवाही सरासरीने चौथ्या पानावर दिसत होती, असे आयोगाने नमूद केले. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा दंड कायम केला.

बदल चांगला झाला की वाईट, हे कळायचे कसे? याचे उत्तर साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या विमानविद्या महाविद्यालयात तयार झाले. तिथले ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी वायुगतिकीवरचे १,४०० निबंध आणि २२५ प्रश्न घेतले आणि कोणत्या प्रश्नाला कोणता निबंध समर्पक आहे हे माणसांकडून ठरवून घेतले. मग कोणतीही शोधपद्धत त्याच कसोटीवर घासता येऊ लागली. आजही पद्धत तीच. पुस्तकांच्या दुकानाने आपल्याकडचे दोनशे खरे शोध निवडावेत, प्रत्येकाचे निकाल कुणी जाणत्याने तपासून शेरे द्यावेत आणि प्रत्येक बदलानंतर एकूण बेरीज पाहावी. फिनलंडच्या येर्व्हेलिन आणि केकॅलायनेन यांनी २००२ मध्ये रूढ केलेले माप त्यासाठी सर्वत्र वापरले जाते. त्यात वरच्या ओळीतल्या चुकीला खालच्या ओळीतल्या चुकीपेक्षा जास्त दंड बसतो. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी होत नाही. त्याऐवजी मालकाला आवडणारे तीन शोध ठीक दिसले की बदल पुढे सरकतो. क्लिक मोजणे हा सोपा मार्ग वाटतो, पण लोक वरच्या निकालावर तो वर आहे म्हणूनही क्लिक करतात. आधीच्या चुकीलाच मग पुरावा मिळत जातो.

वजने हाताने ठरवण्याऐवजी ती अशा शेऱ्यांवरून यंत्रालाच शिकू द्यायची, हा पुढचा टप्पा. ब्लूमबर्गने आपली ही व्यवस्था सोलरला देऊन टाकली आणि २०१७ मध्ये ती त्याच्या आवृत्तीत आली; विकिपीडियाच्या शोधातही हे तंत्र वापरले गेले. ते महाग असल्याने दोन टप्प्यांत चालते: आधी बीएम२५ हजारभर नोंदी निवडते, मग शिकलेले सूत्र तेवढ्यांचीच पुन्हा क्रमवारी लावते.

अलीकडे अर्थावरून शोधणारी, मजकुराचे लांबलचक आकड्यांच्या ओळीत रूपांतर करणारी पद्धत बीएम२५ च्या शेजारी येऊन बसली आहे. ‘आईच्या संस्कारांची गोष्ट’ असे लिहिले तर नेमके शब्द नसतानाही ती मूळ पुस्तकापर्यंत पोचू शकते. पण तिचे गुण उणे एक ते अधिक एकच्या दरम्यान, आणि बीएम२५ चे शून्यापासून कुठवरही. त्यांची बेरीज करणे निरर्थक. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे गॉर्डन कॉर्मॅक व चार्ल्स क्लार्क आणि त्यांचे सहकारी स्टेफान ब्युचर यांनी २००९ मध्येच अशा अडचणीवर एक आडदांड वाटणारा तोडगा सुचवला होता: गुण फेकून द्या, फक्त क्रमांक ठेवा. प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवायचे, एकला त्या संख्येने भागायचे आणि दोन्ही याद्यांतल्या उत्तरांची बेरीज करायची. एका यादीत पहिल्या आणि दुसरीत मुळीच नसलेल्या पुस्तकाला ०.०१६ मिळतात, दोन्ही याद्यांत दहाव्या असलेल्याला ०.०२९, आणि ते पुढे जाते. इलॅस्टिकसर्चने हेच सूत्र आपल्या संमिश्र शोधासाठी घेतले आहे. त्यातला ६० हा आकडाही बदलता येतो.